दोन मिनिटांचं आभारप्रदर्शन

घाटकोपरच्या मैत्री सहनिवासात कार्यक्रम कोणताही असो, शेवटी माइकवर खंडू ओव्हाळ येणार हे ठरलेलं. झेंडावंदन असो, कोजागिरी असो, नाहीतर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं उद्घाटन असो. तेही एकदा झालं होतं, रीतसर नारळ फोडून. आभारप्रदर्शन गेली बावीस वर्षं खंडूकडे होतं. पहिल्या वर्षी ज्या गृहस्थांनी ते करायचं होतं त्यांना ऐनवेळी ठसका लागला, माइक शेजारी उभ्या असलेल्या खंडूच्या हातात आला, आणि तो परत मागायची त्यानंतर कोणाची छाती झाली नाही.

खंडूची तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. इथे चाळ होती तेव्हा ती वडिलांनी टाकली; चाळ पाडून सात मजले उभे राहिले तरी गिरणी आपली खालीच राहिली. सकाळी आठला पट्टा सुरू झाला की खंडू पांढरा व्हायला लागायचा. नऊला भुवया दिसेनाशा व्हायच्या, अकराला मिशी. दुपारी जेवायला वर आला की बायको, द्रौपदी, त्याला आधी जिन्यातच झटकून घ्यायची. सगळं आयुष्य त्या घरघरीत गेल्यामुळे त्याला हळू बोलणं म्हणून जमायचंच नाही. त्याच्या हातात माइक गेला की साउंडवाला मुकाट्याने आवाज कमी करायचा, तरी समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडक्या लावून घ्यायची.

पण आभार मानायची खंडूला मनापासून हौस होती, हे कबूल केलं पाहिजे. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपासून तो दळणाच्या वहीत नावं टिपायला लागायचा. शिडी कोणी दिली, सुतळी कोणी आणली, सुतळी संपल्यावर आपल्या पायजम्याची नाडी कोणी काढून दिली, सगळं. मग माइकवर, "ज्यांनी खुर्च्या लावल्या, जे खुर्च्या उचलणार आहेत, आणि ज्यांनी खुर्च्यांवर बसून आपल्या कार्यक्रमाची शोभा वाढवली," असा तो सुटायचा तो पाऊण तास. लोक ऐकायचे, पण फक्त आपलं नाव येईपर्यंत. नाव आलं की माणूस उठून बटाटेवड्याच्या टेबलाकडे. त्यामुळे यादी जसजशी सरकायची तसतसा मांडव रिकामा होत जायचा, आणि शेवटी घराची किल्ली हातात घेऊन एकटी द्रौपदी बसलेली असायची.

एवढी काळजी घेऊनही सहा वर्षांपूर्वी एकदा घोटाळा झालाच. तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाश परबांनी माइकचा स्टँड आणला होता आणि खंडू नेमके त्यांनाच विसरला. परब मूळचे मालवणचे, राग जपून ठेवणारे. पुढचे चार महिने ते दळण घेऊन दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या गिरणीत जायचे, तेही खंडूच्या दारावरून, डबा बोटांनी वाजवत. समेटाला खंडू घरी गेला तेव्हा दारातच म्हणाले, "माका इसारलस ना? आता तुझी गिरण मी इसारलंय." तेव्हापासून खंडूने शपथ घेतली होती, आपल्या तोंडून एकही नाव राहता कामा नये. नाव राहिलं की माणूस तुटतो, असं त्याचं पक्कं मत झालं होतं.

आणि या वर्षी प्रांजल राणे सेक्रेटरी झाली.

प्रांजल सत्तावीस वर्षांची, कंपनीत दिवसाला सात मीटिंगा घेणारी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गिरणीत आली.

"काका, सव्वीसच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनाला दोन मिनिटं. मी मोबाइलवर टायमर लावणार."

"दोन मिनिटांत माझं 'व्यासपीठावरील मान्यवर' पण होत नाही गं!"

"वडे गार होतात, काका. आणि ऐकतं कोण यार? नसेल जमत तर राहू दे, मी ग्रुपवर मेसेज टाकते. सगळ्यांचे आभार, पुढे हात जोडलेला इमोजी. झालं."

इमोजी! खंडूला ते फार लागलं. बावीस वर्षांची सेवा, आणि तिच्या जागी दोन पिवळे हात. दोन मिनिटांत नावं बसली नाहीत तर पुढच्या वर्षापासून हे असंच होणार, हे त्याला लख्ख दिसलं.

"जमवतो," तो म्हणाला.

यादी निघाली एकसष्ट नावांची. खंडूने गिरणीच्या आवाजात तालीम सुरू केली. लोकांना नुसते हलणारे ओठ दिसायचे, आणि कोणी काही विचारायला गेलं की तो बोट वर करून थांबवायचा. घरी द्रौपदी कुकरवर वेळ लावायची. पहिल्या दिवशी सात शिट्ट्या झाल्या. वरणाचा लगदा झाला, पण नावं उरली. चौथ्या दिवशी तो श्वास न घेता म्हणायला लागला आणि लाल झाला.

"अहो, मधे श्वास घ्या," द्रौपदी म्हणाली. "आभार मानता मानता गेलात तर ती पोरगी श्रद्धांजलीला पण दोनच मिनिटं देईल."

पंचवीस तारखेला मात्र जमलं. डोकं बाजूला ठेवून नुसतं तोंड चालवायचं, हे त्याला साधलं. एक मिनिट बावन्न सेकंद. खंडूने खुशीत वहीचं पान टर्रकन फाडलं आणि नव्या शर्टाच्या खिशात घालून ठेवलं.

सव्वीसची संध्याकाळ छान रंगली. खंडूच्या मुलीने, संघमित्राने, संविधानाची उद्देशिका वाचली. फॅन्सी ड्रेसमध्ये तीन भाजीवाल्या आणि एक रोबोट आला. रोबोटला शू लागली तेव्हा त्याला उघडायला पाच माणसं लागली. खंडूने त्या पाचांची नावं घाईघाईने तळहातावर लिहून घेतली. मग प्रांजलने त्याचं नाव पुकारलं, मोबाइल उंच धरला आणि टायमर सुरू केला. लोक सवयीने उठायला लागले.

खंडूने खिशातून पान काढलं, छाती भरून हवा घेतली आणि सुटला.

"परब तिसरा मजला गहू दहा किलो बाजरीवर टाकू नये वास घेऊन बघतात आधी बारीक मागतात मग बारीक झालं म्हणतात मधलंच देणे शकुताई चौथा मजला भाजणी लेक बाळंतपणाला येतेय आधी नंबर लावणे..."

तोंड डोक्याच्या पुढे धावत होतं. डोक्याला जेव्हा कळलं की हे आभाराचं पान नव्हे, दळणाचं पान आहे, तेव्हा तोंड राण्यांकडे पोचलं होतं.

"राणे पाचवा मजला नाचणी दोन किलो डाएट, मागच्या महिन्याची अजून न्यायची आहे..."

प्रांजलच्या हातातला मोबाइल जरा खाली आला. मांडवात खसखस पिकली. खरी यादी खाली गिरणीत, वहीतच राहिली होती, आणि सेकंद पळत होते. थांबावं, तर आभारप्रदर्शन कायमचं इमोजीच्या घशात. त्याने समोर पाहिलं आणि त्याला काहीतरी चमत्कारिकच दिसलं. उठलेली माणसं परत बसत होती. आपल्या डब्यापुढे या माणसाने काय लिहून ठेवलंय, हे ऐकल्याशिवाय वडा कोणाला गोड लागणार नव्हता.

मग खंडूने वाचत राहायचं ठरवलं, फक्त प्रत्येकापुढे "आभारी आहे" जोडत.

"मिहिर सहावा मजला ज्वारी दोन किलो, घरच्या दळणात मिसळू नये, भाकरी शिकतोय बायकोला सांगू नये म्हणाला, आभारी आहे!"

मिहिरची बायको दुसऱ्या रांगेत होती. ती वळली, मिहिर खुर्चीत जमेल तेवढा खाली गेला, आणि मांडव असा हसला की रोबोट दचकून रडायला लागला. खंडू वाचतच होता. गव्हाचे, तांदळाचे, हरभऱ्याच्या डाळीचे, सगळे डबे एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढून चालले होते. कोणाच्या डब्याचं झाकण घट्ट, कोणाच्या डब्याला कडी नाही, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाला साखर. आणि वाचता वाचता त्याला प्रथमच जाणवलं, की शिडी आणि सुतळीचे आभार आपण बावीस वर्षं मानले, पण आपली चूल ज्यांच्या डब्यांवर पेटली त्यांचे कधी मानलेच नाहीत. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि आनंदही झाला.

शेवटची ओळ आली आणि तो गपकन थांबला.

ओळ होती: 'उत्तराबाई, पहिला मजला, गहू अर्धा किलो. घरचा दीड घालून दोन करून देणे. सांगू नये.'

गिरणीच्या दारावर पाटी होती, दोन किलोच्या आत दळण घेतलं जाणार नाही. थोडं दळण दगडांतच अडकून बसतं, कुठलाच गिरणीवाला घेत नाही. उत्तराबाई पालिकेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. यजमान गेले, मुलगा परदेशात राहिला, आणि दहा किलोचा डबा घटत घटत अर्ध्या किलोवर आला. पाटी मोडायची नाही आणि बाईंना परत पाठवायचं नाही, म्हणून खंडू गेली दोन वर्षं आपल्या पिंपातला गहू मिसळत होता. वय झालेल्या माणसाला काय कळतंय, असा त्याचा हिशोब.

हे माइकवर वाचणं शक्य नव्हतं. त्याने पान दुमडलं. "इथेच माझं आभारप्रदर्शन संपलं," तो म्हणाला.

"खंडू!" पहिल्या रांगेतून आवाज आला. "माझं नाव राहिलं."

उत्तराबाई उभ्या होत्या. इतक्या वर्षांत जाणूनबुजून गाळलेलं हे पहिलंच नाव.

"बाई, पान... पान फाटलंय तिथे."

"दाखव."

वर्गात चिठ्ठीसकट पकडलेल्या पोरासारखं त्याने पान पाठीमागे लपवलं. बाई हळूहळू स्टेजवर चढल्या, प्रांजलने हात दिला, आणि त्यांनी माइक घेतला.

"अरे, सदतीस वर्षं गणित शिकवलं मी. अर्धा किलो गहू दिला तर दोन किलो पीठ येत नाही, एवढं कळतं मला. एकट्या माणसाचं दळण कोणी घेत नाही. हा घेतो. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर यानं ओशाळून बंद केलं असतं. जास्तीच्या पिठाच्या शंकरपाळ्या करून दर महिन्याला याच्याच घरी पाठवते. विचारा द्रौपदीला."

खंडूने द्रौपदीकडे पाहिलं. ती किल्ली निरखत होती. म्हणजे दोन वर्षं तो आपलाच गहू मिटक्या मारत खात होता, आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

"आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी पण पट्टा फिरतो, याचे."

मघाशी हसण्यात बुडालेला टायमर पुन्हा वाजला. प्रांजलने तो बंद केला आणि डोळे पुसत म्हणाली, "बोला बाई, वडे परत गरम करू."

पण बाईंचं बोलून झालं होतं. त्यांनी माइक खंडूपुढे धरला. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता, एकही खुर्ची रिकामी नव्हती. बावीस वर्षं आभार मानले, पण कोणी आपले मानले तर पुढे काय करायचं हे त्याला येतच नव्हतं. त्याने एकदा साउंडच्या खोक्याला नमस्कार केला. मग त्याला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाला, "आता काय बोलायचं असतं?"

"काही बोलायचं नसतं," उत्तराबाई म्हणाल्या. "खाली बस."

आणि खंडू ओव्हाळ, वय वर्षं त्रेपन्न, स्टेजवर तिथल्या तिथे मांडी घालून बसला.