काल मी खाल्ली

"काल मी खाल्ली, आज मी हाय. आता तुमी घ्या."

पनवेलच्या बाजारात हे वाक्य म्हटल्याशिवाय तिने कधी कुणाला अळंबी दिली नाही. पळसाच्या पानावर पांढऱ्या छत्र्यांचा वाटा ठेवायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं आणि हे बोलायचं. नवखं माणूस दचकायचं. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "हो मावशी, दिसतेयस की!"

ती विचुंब्याची. नदीपलीकडे भावाचं घर, आणि भाऊ-भावजयीच्या पडवीत तिची चूल. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी बाजाराच्या तोंडाशी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखान्याच्या पायरीवरून तिची जागा समोर दिसायची. मला जगातल्या कुठल्याच गोष्टीवर चटकन विश्वास बसत नाही, हा माझा जुना रोग. पण अळंबीच्या बाबतीत मी तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

तिची रीत अशी. भाद्रपदात नेरे गावाच्या पुढच्या रानात वारुळांवर अळंबी उगवते. एखादं वारूळ फुटलं की तीन-चार दिवस रोज नवी निघते. पहिल्या दिवशीची ती विकायची नाही. एकटीने शिजवून एकटीने खायची. दुसऱ्या दिवशी जिवंत असली तर त्याच वारुळावरची ताजी अळंबी बाजारात आणायची. वारूळ बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

"एवढी वर्षं काढतेस, तुला ओळखता येत नाही होय?" मी एकदा चिडवलं.

"वळकता येती असं वाटतं ना, तवाच घात होतो," ती म्हणाली. मग अगदी सहज, भाजीला मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं, "माझा पोर गेला. सा वर्षांचा व्हता. मीच आनलेली, मीच रांदलेली. मी जेवाया बसनार, तर म्हस सुटली. तिच्यामागं गेले नि वाचले."

मी आत जाऊन बाटल्या पुसत बसलो.

एका रविवारी मी तिच्याबरोबर रानात गेलो. हौस, दुसरं काय! रानाच्या तोंडाशी तिने वहाणा काढायला लावल्या आणि बजावलं, "आत नाव घ्यायाचं नाय तिचं." अळंबी हा शब्द रानात उच्चारायचा नाही. आत गेलो तर भर दिवसा अंधारल्यासारखं. ना पाखरू, ना किडा. ओल्या पाचोळ्यावर माझी पावलं वाजत होती, तिची वाजत नव्हती. ती मधेच थांबायची, मान वाकडी करून हुंगायची आणि पुढे निघायची. एका वारुळापाशी तिने कान लावला.

"आयकतंस? उसासतंय."

मी कान लावला. खरं सांगतो, आतून काहीतरी हळू हळू सरकल्यासारखा आवाज येत होता. वाळवी असेल. वाळवीच असणार. पण अंगावर सरसरून काटा आला तो आला.

तेवढ्यात वारुळाच्या मागे मला पांढरे ठिपके दिसले आणि मी बोट रोखून ओरडलो, "ते बघ!"

तिने झटकन माझा हात खाली दाबला. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते म्हणतात, तसंच अळंबीलाही सरळ बोट चालत नाही. बोट वाकवून दाखवायचं. दोष जावा म्हणून तिने माझ्याकडून दहाही बोटं एकेक करून चावून घेतली. बत्तीस वर्षांचा बाप्या मी, रानात उभा राहून स्वतःची बोटं चावतोय! घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसली.

त्या दिवशी माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. ते ठिपके तिच्यापासून दोन हातांवर होते, आणि तिला दिसले नव्हते. ती हुंगून आणि चाचपून काढत होती. डोळ्यांत सारा वाढून नजर मंदावली होती. मला कळलं, आणि मी गप्प बसलो. का, तर अळंबीच्या कालवणावर माझा जीव. लाज वाटते आज सांगताना.

डॉक्टरांना मात्र मी तिची रीत सांगितली होती. ते हसले नाहीत. म्हणाले, "एक दिवस पुरत नाही रे. काही जातींचं विष असं असतं, की दिवसभर माणूस ठणठणीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत जातं."

ते मी तिला सांगितलं. त्यानंतर तिने रीत बदलली. पहिल्या दिवशी खायची. दुसऱ्या दिवशी रिकामी टोपली घेऊन बाजारात येऊन बसायची. विकायला काही नाही, नुसतं दिसायचं. लोक विचारायचे, "मावशी, काय आणलंयस?" ती म्हणायची, "मना आनलंय," म्हणजे स्वतःलाच. आणि तिसऱ्या दिवशी अळंबी आणायची. ती रिकाम्या टोपलीमागे बसलेली असली की मला तिच्याकडे बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

त्या भाद्रपदात माझा मेव्हणा मुंबईहून आला. सोमवारी दहाच्या एसटीने परत जाणार, आणि अळंबी खाल्ल्याशिवाय जाणार नाही म्हणून हटून बसलेला. रविवारी ती रिकामी टोपली घेऊन बसली होती. शनिवारी नव्या वारुळाची खाल्ली होती. मी तिच्या मागे लागलो. सोमवारी ती नऊला येणार, मग निवडणार कधी नि शिजवणार कधी?

"नाय दादा."

"मावशी, माझ्यासाठी."

संध्याकाळी तिने पानात बांधून आणून दिली. "सकाली शिजवा. पन ताटात वाडू नका. मी बाजारात दिसले का मंग वाडा. नाय दिसले तर…"

"कळलं," मी म्हटलं.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पुडी दाराबाहेर भिरकावली असती.

सोमवारी नऊ वाजले. तिची जागा रिकामी. सव्वानऊ. उशीर झाला असेल, म्हातारं माणूस. शेजारची भाजीवाली म्हणाली, "आज टोपलीपन नाय आली." एसटी दहाची, म्हणजे पानं आताच मांडली असणार! हातातली बाटली तशीच टाकून मी पळत सुटलो.

मेव्हण्याच्या हातात कालवणात बुडवलेला भाकरीचा तुकडा होता. मी त्याच्या हातावर फटका मारला, ताट उडवलं, चुलीवरचं भांडं उचललं आणि परसात चिंचेखाली पालथं केलं. बायको किंचाळली. मेव्हणा मला वेडा म्हणाला आणि उपाशीच एसटीला गेला. त्या घटकेला मला त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टरांना घेऊन टांग्याने विचुंब्याला गेलो. ती पडवीत पडली होती. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

भावजय रडत होती. "रातच्यापासून उलट्या. सकाली उठून बाजारात याया बगत व्हती, पाय धरीनात. मी बोलले, निरोप धाडते. तर बोलली, नको. मी नाय गेले मंजेच दादाला कललं."

मी खाली बसलो. तिने आवाजाच्या रोखाने मान वळवली.

"वाडली नाय ना?"

"नाही मावशी. ओतून दिली."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि चेहरा सैल पडला.

किती थोडक्यात वाचलं, ते मी तिला सांगितलं नाही. बुधवारी ती गेली. तिचा भरवसा माझ्यावर होता आणि मी त्या लायकीचा नव्हतो, हे आजही सलतं.

पुढच्या भाद्रपदात एका सकाळी परसात गेलो, तर चिंचेखाली जिथे भांडं पालथं केलं होतं, तिथे पांढऱ्या छत्र्यांची ओळ उगवलेली. शिजलेल्यातून काही उगवत नाही, एवढं मला कळतं. बायकोने पुडी निवडून धुतली होती, ते पाणी तिथेच टाकलं असेल. असेल. आजूबाजूला पाखरू नव्हतं, की किडा नव्हता.

बायको मागच्या दारात आली. "काय बघताय एवढं?"

मी तोंडाने नाव घेतलं नाही. हात पुढे केला, आणि बोट वाकवून दाखवलं.