धुळाजीनं नेमलेली बाई

“गड्यांच्या बैठकीत मी काय बोलू?” असं दगडाबाई जन्मभर म्हणत आली. पण युसूफ वडगावच्या माळावर पाय मोडून तडफडणारं मेंढरू दिसलं, की सुरी तीच फिरवायची. नवरा धुळाजी तोंड फिरवून उभा राहायचा. म्हणूनच त्यानं बीडला वकिलाकडं लिहून ठेवलं, की बरं व्हायची आशा संपली तर मला यंत्रावर जगवू नका, आणि तसं सांगायचा हक्क दगडाबाईचा.

“पोरगं भेईल,” तो म्हणाला. “तू भ्यायची न्हाईस.”

अर्धांगानं वाचा गेली, तेव्हा भावकी दवाखान्यात गोळा झाली. आशा नसल्याचं सांगून डॉक्टरांनी विचारलं, “आजी, तुमचं काय म्हणणं?”

यंत्राच्या नळ्या उपसू नयेत म्हणून खाटेला हात बांधलेला धुळाजी तिच्याकडंच बघत होता. चुलतदीर, जावई, सारेच बघत होते. तिनं पदर पुढं ओढला आणि पोराकडं बोट केलं.

“बापाला मारलं म्हणतील लोक,” बजरंग म्हणाला. “चालू ठेवा.”

महिनाभर चालू राहिलं. पाठ सडली, वास सुटला. डोळे मात्र शेवटपर्यंत तिला शोधत राहिले.

तेराव्याच्या पंगतीत भावकी बजरंगाची पाठ थोपटत होती. “लेक असावा तर असा!”

एका चुलतदिरानं विचारलं, “वयनी, समाधान हाय न्हवं?”

“त्यानं माझं नाव लिवलंतं,” ती म्हणाली. “पोराचं न्हाई.”

कुणाचाही घास थांबला नाही. दगडाबाई उठली आणि अनवाणीच माळाच्या रस्त्याला लागली. वाढप थांबवून सून योगिता तेवढी बघत राहिली.