फाटक उघडलं की दिवा

रविवारी सकाळी पळसदेवला, आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर एक हिरवा दिवा लागला. दिसायला ज्वारीच्या दाण्याएवढा... पण त्याच्यापायी मी डोक्याला भरपूर ताप करून घेतला, बोट भाजलं आणि नवऱ्याचे टोमणे खाल्ले, म्हणून लिहितेय. (नावं बदललीत. का ते पुढं कळेल.)

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, हल्ली कमी ऐकू येतं. समोर बसून बोललं तर सगळं कळतं, पण बाहेरून मारलेली हाक आत पोचत नाही. कानाचं मशीन आणलं... ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात गेलं. आणि मला सक्त ताकीद, "कुनाला सांगू नगंस. उगंच बहिरी म्हनत्याल."

दिवसभर घरात त्या एकट्याच. मी लोणी देवकरला कंपनीत, नवरा बारामतीला. शेजारच्या सिंधूमावशी रोज दुपारी यायच्या, दोघींचा चहा व्हायचा, गावभरच्या गप्पा व्हायच्या. हळूहळू त्या येईनाशा झाल्या.

मग एकदा एसटीच्या थांब्यावर मावशी भेटल्या. तोंड फिरवूनच म्हणाल्या, "तुझी सासू लई मोठी झाली बाई. पायरीपाशी उभी राहून हाका मारल्या, आतनं ओ न्हाय. आमी नगं असलो तर तसं सांगावं की."

मला खरं सांगता येईना... शब्द दिलेला. घरी आले तर आत्या चहाचा कप पुढ्यात घेऊन नुसत्या बसलेल्या. इतकं वाईट वाटलं मला... एवढ्या वर्षांची मैत्री, आणि एका हाकेपायी तुटायला निघालेली.

त्याच आठवड्यात मोबाईलवर दारात कुणी आलं की आत दिवा लावायचा एक व्हिडिओ दिसला. अंगठ्याएवढा बोर्ड, चार वायरी, एक एलईडी... आणि सगळं मिळून घरच्यांना भेळ खाऊ घालायच्या खर्चात. शाळेत विज्ञानात मी कशीबशी पास झालेली बाई, पण मागवलं.

पहिला एलईडी उलटा जोडला म्हणून लागेना. दुसऱ्याला वीज आवरणारा रेझिस्टर लावायचा विसरले, तो एकदा झगझगला आणि गेला. तापल्या सळईनं वायरी डागून जोडताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, बोट भाजलं, धूर झाला तेव्हा आत्या देवघरात बघून आल्या, काही पेटलं का म्हणून. नवरा म्हणाला, "घर जाळायचं असलं तर आधी सांग, मी गाडी बाहेर काढतो."

तरी एका संध्याकाळी दारावर बटण बसवलं. बटण दाबलं की आत दिवा. मी इतकी खूश... आणि चार दिवस दिवा एकदाही लागला नाही. कारण आमच्याकडं बेल दाबतं कोण? माणूस फाटक उघडून आत येतो, पायरीपाशी थांबतो आणि "हाय का घरात?" म्हणून हाक मारतो. बेल फक्त कुरिअरवाल्यासाठी असते. एवढी साधी गोष्ट, याच गावात राहून माझ्या डोक्यात आली नाही.

मग आवाज ओळखणारं सेन्सर आणलं. हाक आली की दिवा... पण ते कुकरच्या शिट्टीला लागायचं, गाणी लावून जाणाऱ्या ट्रॅक्टरला लागायचं, शेजारच्या शेळीला तर हमखास. आत्या बिचाऱ्या दर वेळी उठून बाहेर जायच्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "आता शेळीला च्या पाजू व्हय गं?"

हसले, पण आतून हिरमुसले. सगळं डब्यात भरून ठेवलं. मग सकाळी कामाला निघताना फाटकाची कडी लावली आणि हात तिथंच थांबला. बकऱ्या आत शिरतात म्हणून फाटक कायम लावलेलं असतं... म्हणजे हाक मारणारा प्रत्येक माणूस आधी ते उघडतोच की.

आता मॅग्नेटचं सेन्सर आणलं. एक तुकडा खांबाला, एक फाटकाला. दोन्ही लांब गेले की दिवा. फाटक लोखंडी, त्यावर ते नीट चालेना, मग मध्ये लाकडाची पट्टी घातली. गणपतीतल्या दिव्यांच्या जुन्या माळेची वायर भिंतीवरून आत नेली. पहिल्यांदा लावलं तर सगळं उलटंच... फाटक बंद असलं की दिवा चालू. व्हिडिओत बघून बोर्डात भरलेल्या प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलला आणि जमलं.

आत्यांना दाखवलं. त्यांनी मला फाटक चार-पाचदा उघडझाप करायला लावलं.

शनिवारी मी सरळ मावशींच्या घरी गेले आणि चक्क खोटं बोलले, "आत्यांनी चहाला बोलावलंय." मावशींनी नाक मुरडलं. पण रविवारी आल्या.

मी कणीक मळत होते. आत्या एरवी दाराकडं पाठ करून बसायच्या, त्या आता चौकटीकडं तोंड करून मेथी निवडत होत्या. दिवा लागला... आत्या गुडघेदुखी विसरून उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या. मावशी पायरीपर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या.

"अगं, मी अजून हाकबी मारली न्हाय. तुला कसं कळलं?"

"तू आलीस की मला कळतंय," आत्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

मावशींचे डोळे भरले. त्यांनी आत्यांचा हात धरला तो चहा होईपर्यंत सोडला नाही. आत मी कणकेच्या हातानं तोंड दाबून हसत होते, आणि रडतही होते. माझ्या महिन्याच्या खटपटीचं सगळं श्रेय सासूबाईंनी एका वाक्यात घेऊन टाकलं... आणि मला ते फार फार आवडलं.

तर पळसदेवकरांनो, घर कुणाचं ते ओळखलं असेल तर एवढं करा. खुशाल फाटक उघडून आत या... आणि हाक मारायच्या आधीच आत्या दारात दिसल्या, तर नवल वाटल्यासारखं करा.