सत्तेचाळीस म्हणजे किती

हे गणित मी कॉलेजात शिकले होते. दोघीजणी मनात एकेक संख्या धरतात, सगळ्यांना माहीत असलेल्या एका संख्येचा तितका घात काढतात आणि भागाकारानंतर उरलेली बाकी सगळ्यांसमोर सांगतात. बाकीवरून मूळ संख्या शोधायला ऐकणाऱ्याला जन्म पुरत नाही. त्या दोघी मात्र एकमेकींची बाकी वापरून एकाच गुप्त किल्लीपाशी पोचतात. धोका एवढाच, की मधे कुणी तिसरं बसून दोघींशीही दुसरी बनून बोललं, तर त्यांना कळत नाही.

म्हणून ताईच्या चॅटमध्ये ‘सुरक्षा कोड बदलला आहे’ ही ओळ दिसली, तेव्हा मी जिन्यातच थांबले. ताईचं सासर जांब समर्थजवळच्या गावात. बुधवारी तिला एका शाळेत नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि सासरी ते कुणालाच मान्य नव्हतं. मंगळवारी ती मंदिरात येणार, मी बाहेर गाडी घेऊन थांबणार, असं आमचं ठरलं होतं. त्या ओळीखाली लगेच मेसेज आला: ‘मंगळवारी नको. शनिवारी ये.’

शनिवारपर्यंत नोकरी गेली असती.

मी फोन लावला. आवाज ताईचाच होता.

“फोन बदललास का?”

“हो. नवीन घेतला.”

“मंग कोड उघड आणि आकडे वाच. मी माझ्याकडचे बघते.” हे आकडे त्या किल्ल्यांवरूनच बनतात; दोन्ही फोनांवर सारखे असले, तर मधे कुणी नाही.

ती वाचू लागली, दोन-दोन आकडे जोडून, सावकाश, प्रत्येक जोडीआधी किंचित थांबत. मी लिहून घेत होते. फोन ठेवून पाहिलं तर एक जोडी जुळत नव्हती. तिचं ‘सत्तेचाळीस’ मी ७४ असं लिहिलं होतं, माझ्या फोनवर ४७ होतं.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी विचारलं, “सत्तेचाळीस म्हणजे किती गं?”

“चाळीस आन् सात. एवढा खर्चा करून इंग्रजी शाळेत घातलं, आन् आकडे न्हाई येत.”

म्हणजे चूक माझीच. ‘सत्ते’ ऐकून मी सत्तरच्या घरात गेले होते. आता सगळं बराबर जुळलं. मधे कुणी नव्हतं. मी हसलेसुद्धा.

“हसू राह्यलीस काय,” आई म्हणाली. “तुझ्या ताईलाबी न्हाई येत. किराण्याच्या दुकानात अजून फोर्टी-सेव्हन म्हणती.”

शेंगा फुटण्याचा आवाज येत राहिला. मला त्या थांबलेल्या जागा परत ऐकू आल्या. ताई वाचत नव्हती. फोन दुसऱ्याच्या हातात होता, कुणीतरी आकडे कुजबुजत होतं आणि ती मागून म्हणत होती.

मंगळवारची वाट न बघता सोमवारी सकाळीच मी बाबांना घेऊन थेट तिच्या दारात गेले. बापाने दारात येऊन लेकीला माहेरी न्यायचं म्हटल्यावर चारचौघांत नाही म्हणता येत नाही. सासूबाईंनी चहा दिला. ताईचा फोन दुरुस्तीला टाकलाय, म्हणाल्या. नवीन फोन दुरुस्तीला कसा, हे कुणी विचारलं नाही. ताई एक पिशवी घेऊन गाडीत माझ्याशेजारी बसली.

गाव मागे पडलं. ताईचे दोन्ही हात मांडीवर, रिकामे होते. माझा फोन वाजला. सासरी राहिलेल्या तिच्या फोनवरून, तिच्याच नावाने मेसेज होता: ‘पोचलीस की कळव. मी वाट बघते.’