पिवळ्या रेषेअलीकडचा लोणी

माझ्या धाकट्या भावाला सगळे लोणी म्हणायचे. नाव कुणा ट्रक ड्रायव्हरने दिलं, आणि ते इतकं चिकटलं की शेवटी आईही जेवायला हाक मारताना तेच म्हणू लागली. कारण एवढंच, की त्याने दुरुस्त केलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लोण्यासारखा पडायचा. दुसऱ्यावरून तिसरा कधी पडला हे ड्रायव्हरला फक्त इंजिनच्या आवाजावरून कळायचं. अंगाने म्हणाल तर लोणी कुठेच नव्हता. काटकुळा, नाकाचा शेंडा कायम तेलकट, आणि बोलण्यात महाकंजूष.

नाक तेलकट, कारण तो वास घ्यायचा. गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेऊन नाकाशी धरायचा आणि आतल्या क्लचच्या प्लेटी किती जळल्यात हे खोलायच्या आधीच सांगायचा. काम झालं की ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून बसायचा, तळवे मांडीवर पालथे, आणि गोदामांमागच्या चढावर एक फेरी मारून यायचा. एक जरी गिअर धक्क्याने पडला तरी गाडी परत गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर. "देऊन टाक रे, चालतंय की," असं मीच कितीदा म्हणाले असेन. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

गॅरेज वडिलांचं. इंजिनची बाजू दादाकडे, गिअरची लोणीकडे, आणि खिडकीशी टेबलावर मी, कुठल्या गाडीचं काय काम केलं त्याची जॉब कार्डं लिहायला. मधोमध फरशीवर वडिलांनी पिवळ्या ऑइलपेंटने एक रेष ओढली होती. त्याचं असं झालं, की हे दोघे एकदा गिऱ्हाइकासमोरच एकमेकांच्या कामातल्या चुका काढत बसले, आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन चालतं झालं. वडिलांनी त्याच दुपारी ब्रश आणला. रेषेपलीकडच्या कामाबद्दल गिऱ्हाइकासमोर चकार शब्द काढायचा नाही, असा नियम केला. वडील गेल्यावर दादाने तो पाळला, कारण तो त्याच्या सोयीचा होता. लोणीने पाळला, कारण तो वडिलांचा होता. हा फरक मला तेव्हाही दिसत होता.

माझंही सांगून टाकते. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा गॅरेजवरची खोली मला दादाने दिली. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. जिना चढताना मला मात्र रोज आठवायचं.

साठीच्या तोंडावर दादाला लॅपटॉपचं वेड लागलं. इंजिनच्या कॉम्प्युटरला वायर जोडायची, चार आकडे बदलायचे, की तेच डिझेल इंजिन जास्त इंधन घेऊन जास्त जोर लावतं. याला ट्यूनिंग म्हणतात. भरलेली गाडी चढावर रडायची ती आता पळते म्हणून ड्रायव्हर लोक दादाला नुसतं डोक्यावर घ्यायचे बाकी होते. ट्रकमालकांना असले फेरफार चालत नसत, म्हणून ड्रायव्हर ते परस्पर करून घेत. दादाने मला बजावलं, "हे कार्डावर चढवायचं नाही." मी चढवलं नाही.

दुधाच्या टँकरचा एक ड्रायव्हर अकरा वर्षं आमच्याकडे यायचा. त्याने ट्यूनिंग करून घेतलं आणि सहा आठवड्यांत टँकर लोणीच्या खड्ड्यावर आला. चढावर गिअर घसरत होता. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. लोणीने तेलाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. प्लेटी जळून काळ्याठिक्कर पडल्या होत्या. त्याने त्या बदलल्या. दोन महिन्यांनी टँकर पुन्हा हजर, पुन्हा त्याच प्लेटी, तशाच काळ्या.

लोणी दुसऱ्यांदा फेरी मारून आला. जेवणाच्या सुट्टीत, गिऱ्हाईक कुणी नाही असं बघून, त्याने तोंड उघडलं.

"दादा, तू इंजिनचा जोर वाढवलास. पण इंजिन गिअरला अजून जुनाच आकडा सांगतंय."

"मग?"

"मग गिअर त्या आकड्याच्या बेताने प्लेटी दाबतो. वीस किलोचं पोतं आहे म्हणून सांगायचं आणि चाळीसचं हातात द्यायचं. सटकणार नाही तर काय होईल?"

"इतक्या गाड्या केल्या. आलं का कुणी ओरडत?"

"येतील. तो आकडाही बदल ना. तुझ्या त्या लॅपटॉपवर एक तक्ता असणार, तेवढा बदलला की झालं."

दादाला तो तक्ता कुठे असतो हे माहीतच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आणि लोणीलाही कळलं असणार. पण धाकट्या भावापुढे 'मला येत नाही' म्हणायचं म्हणजे दादाच्या जिवावर आलं असतं. तो हात धुवायला उठला. "तुझ्या प्लेटी पकडत नाहीत, त्याला माझं इंजिन काय करणार? तू तुझी बाजू बघ."

लोणी माझ्या टेबलाशी आला. "ताई, निदान कार्डावर तरी लिही. इंजिन ट्यून केलंय, एवढंच."

"बघते," मी म्हणाले. माझ्या त्या 'बघते'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. त्यालाही.

तिसऱ्या वेळी लोणीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आत कडक स्प्रिंग बसवली, म्हणजे तेलाचा दाब वाढून प्लेटी जास्त घट्ट दाबल्या जातील. प्लेटी काही दिवस टिकल्या असत्या, पण आता प्रत्येक गिअर धाडकन पडायला लागला. फेरीवरून उतरला तेव्हा माझा भाऊ रडवेला झाला होता. ड्रायव्हर मान चोळत म्हणाला, "लोणीभाऊ, हे काय हो? हे तुमचं काम वाटत नाही."

"सध्या हे ठिगळ आहे. चढावर भरलेली गाडी जोरात काढू नका," लोणी म्हणाला, आणि थांबला. दादा रेषेपलीकडे उभा होता.

ड्रायव्हरने दादाकडे बघितलं. दादाने आवाज खाली आणला, पण इतकाही नाही की पलीकडे ऐकू जाऊ नये. "हात उतरला हो त्याचा. वय होतं माणसाचं."

लोणी तेव्हा बावन्न वर्षांचा होता. त्याच्या बुटांची टोकं रेषेला टेकली होती. बोल रे गाढवा, बोल, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, तो रंगही अर्धा उडाला होता. तो बोलला नाही. मीही नाही, आणि मला तर कुठल्याच रेषेची बंदी नव्हती.

महिन्याभरात टँकर डेअरीच्या फाटकाजवळच्या चढावर निसटला. गिअरने अचानक दगा दिला, ब्रेक लागेपर्यंत गाडी मागे गेली, मागचा भाग खांबावर आदळला आणि फिरलेल्या स्टिअरिंगने ड्रायव्हरचं मनगट मोडलं. टँकर ओढून आमच्या आवारात आणला. त्याच दिवशी दादाने वायर जोडून इंजिनचे आकडे ट्यूनिंगच्या आधी होते तसे करून टाकले. मी खिडकीतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला टँकरच्या मालकाचा तपासनीस आला. त्याने कार्डं मागितली. तीन कार्डं, तिन्हींवर गिअरच्या रकान्यात माझं अक्षर, इंजिनचा रकाना कोरा. ड्रायव्हरने ट्यूनिंगचं नाव काढलं नव्हतं. काढलं असतं तर नोकरी गेली असती.

"इंजिनला कधी हातच लावला नाही?" तपासनिसाने विचारलं. दादाला नाही, मला.

दादा फडक्याने बोटं पुसत होता, एकेक बोट. लोणी माझ्याकडे बघत होता. तो लहान असताना शाळेत त्याच्यावर काही आळ आला की असाच बघायचा, आणि मी जाऊन भांडून यायची.

"कार्डावर आहे तेवढंच," मी म्हणाले.

तपासनिसाने लिहून घेतलं: गिअरबॉक्सच्या कामात दोष.

त्यानंतर गिऱ्हाइकं विचारायला लागली, "गिअरला दुसरं कुणी आहे का?" खड्ड्यात गाडीखाली उभा राहून लोणी ते ऐकायचा. एके दिवशी त्याने सगळे पाने रॉकेलने धुतले, पुसले, मापाप्रमाणे ओळीने लावले आणि घरी गेला. आता तो बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पंपावर डिझेल भरतो.

दादाने नवा गिअरवाला ठेवला. त्याला रेषेचं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तो आपला लॅपटॉप घेऊन सरळ पलीकडे गेला आणि दोन गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "मालक, तुमचं इंजिन गिअरला खोटा आकडा पाठवतंय." दहा मिनिटांत त्याने तक्ता दुरुस्त केला. दादा हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, "माणूस हुशार आहे हं." मला शिसारी आली. दादाची आली, आणि त्याच्या हसण्याला मान डोलावणाऱ्या माझीही.

त्या दुपारी मी तिन्ही कार्डं नव्याने लिहिली. इंजिनचा रकाना भरला, तारखा घातल्या, सही केली. स्कूटर काढून पंपावर गेले. लोणी गणवेशात होता, नाकाचा शेंडा स्वच्छ. मी कार्डं त्याच्या हातात दिली. "मी तपासनिसाकडे जाते. टँकरमालकाकडे जाते. दादा खोलीतून काढेल तर काढू दे."

त्याने कार्डं शांतपणे वाचली. घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये सरकवली.

"त्या ड्रायव्हरचा हात नीट वळत नाही अजून," तो म्हणाला. "परवा येऊन गेला इथे. माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटतं मी केलं."

"म्हणून तर आले ना मी. अरे, त्या वेळी मला काही सुचलंच नाही. दादा समोर, तो माणूस समोर..."

"गिअरबॉक्सला बिचाऱ्याला आकडा खोटा आहे हे कळत नव्हतं, ताई," लोणी म्हणाला. "तुला कळत होतं."

मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. त्याने मला स्कूटर बाजूला घ्यायची खूण केली आणि ट्रकच्या टाकीचं झाकण उघडायला गेला.