तलवारीवरची अक्षरं

अर्धांगवायूच्या झटक्यात अब्बांची वाचा गेली. जन्मभर उर्दू शिकवलेला माणूस पाणीसुद्धा खुणेनं मागू लागला. कित्येक महिने घरात बसून ते खचत चालले होते, म्हणून एका रविवारी अम्मी आणि मी त्यांना शहरातल्याच एका राजवाड्यातलं संग्रहालय बघायला घेऊन गेलो.

शस्त्रांच्या दालनात सुलतानांच्या काळातली चिलखतं, ढाली आणि खंजीर मांडले होते. एका तलवारीपाशी अब्बांनी माझा हात दाबून व्हीलचेअर थांबवायला लावली. पात्यावर सोन्यानं अरबी अक्षरं जडवली होती. ते काचेजवळ वाकले. ओठ हलले, पण आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"राहू द्या हो, परत येऊ," अम्मी म्हणाली.

त्यांनी जोरात मान हलवली. आणि मग घोगऱ्या पण खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, "या फत्ताह!"

विजय देणाऱ्या परमेश्वराला घातलेली ती साद होती. मी तिथंच रडायला लागले.

रखवालदार धावत आला. "अहो, इथं शांतता राखायची असते."

"इतके महिने राखलीच की!" अम्मी हसत म्हणाली.

अब्बांनी तेवढ्यात पुढच्या तलवारीकडे बोट केलं आणि हुकूम सोडला, "ती."