जास्वंदीची फुलं नेमकी कोण नेतं

आमच्या फ्रिजवर माझे दोन कागद कायम असतात. एक किराण्याचा, दुसरा बाबांच्या बीपीचा. सकाळ-संध्याकाळचे आकडे, गोळी, मीठ, चालणं, असे त्यात रकाने. बाबा त्याला ‘तुझं हजेरीबुक’ म्हणतात.

आई गेल्यापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती: एसटीनं एकट्यानं भोकरदनला जायचं, शाळेतल्या मित्राकडं. डॉक्टरांनी अट घातली होती, महिनाभर बीपी ताब्यात राहिलं तर जा.

आकडे उतरू लागले. मी खूश. श्रेय अर्थातच माझ्या मिठाच्या रकान्याचं!

त्याच दिवसांत फाटकाजवळच्या जास्वंदीची फुलं गायब होऊ लागली. मी रोज मोजायचे. काल अकरा, आज तीन. शेवटी पाटी लावली: फुले तोडू नयेत.

शेजारच्या भाभी पाटी वाचून हसल्या. “बाजी, हमारी बकरी बी इत्ते फूलां नईं खाती.”

महिना संपायला चार दिवस उरले असताना बाबा खुर्चीतून उठले आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन परत धपकन बसले. मशीननं वरचा आकडाच नव्वदच्या आत दाखवला. मी रिक्षा बोलावली, फाइल घेतली, थेट दवाखाना.

“गोळीशिवाय काही घेता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई.” मग हळूच, “जास्वंदीचा काढा. पण ते काय औषध हाय का?”

डॉक्टर म्हणाले, “या फुलानंही रक्तवाहिन्या थोड्या सैल पडतात. तुमची गोळी तेच काम करते. दोन्ही एकदम घेतलं की उठताना डोक्यापर्यंत रक्त वेळेवर पोचत नाही. काढा बंद. महिना आजपासून नव्यानं मोजायचा.”

बाबांचा चेहरा पडला. बीपी लवकर उतरावं आणि एसटी लवकर मिळावी, एवढ्यासाठीच तर त्यांनी रोज पहाटे फुलं खुडली होती.

रिक्षात मी फणकारले, “मी पाटी रंगवत होते, तेव्हा तरी बोलायचं!”

“तू चोर शोधून राह्यल्ती. मंग मधी कशाला बोलू?”

“आणि रोज कागद भरताना?”

“तुझ्या कागदात फुलाचा रकाना हाय का? जे इचारलं ते बराबर लिवलं.”

घरी येऊन मी ‘इतर’ नावाचा रकाना आखला आणि पाटी काढली. भाभींना ओंजळभर फुलं द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, “पंचनामा हो गया क्या?”

‘इतर’ रकान्यात बाबांनी पहिल्या दिवशी लिहिलं: लेकीची बोलणी, दोन वेळा, जेवणानंतर.

या खेपेला आकडे सावकाश उतरले, पण टिकले. महिन्यानं डॉक्टरांनी कागद पाहून मान डोलावली. जालना स्टँडवर मी बाबांना पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी आणि सूचनांची चिठ्ठी दिली. चिठ्ठी त्यांनी न वाचताच खिशात घातली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडले,

“बाई, फुलं मोजून ठेव! आता कमी झाली तर म्या न्हाई!”